दिवाळखोरीचा अर्ज आणि रात्रीचा कारकून

अमेरिकेतील टेक्सास राज्यात गहाण पडलेल्या घरांचे लिलाव दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी होतात. सकाळी दहा ते दुपारी चार ही त्यांची कायद्याने ठरवून दिलेली वेळ. ज्या कुटुंबाचे घर त्या दिवशी बोलीवर चढणार असते, त्याला शेवटच्या घटकेपर्यंत एक मार्ग मोकळा असतो. लिलाव पुकारला जाण्यापूर्वी संघराज्याच्या न्यायालयात दिवाळखोरीचा अर्ज दाखल झाला, तर त्या क्षणापासून वसुलीला आपोआप स्थगिती मिळते. लिलाव थांबतो, पगारावरील जप्ती थांबते, धनकोंचे धमकीचे दूरध्वनी थांबतात.

टेक्सासमध्ये सकाळचे दहा वाजतात तेव्हा आपल्याकडे हिवाळ्यात रात्रीचे साडेनऊ आणि उन्हाळ्यात साडेआठ वाजलेले असतात. हा हिशेब मला नाशिकच्या एका जुन्या साथीच्या मुलीने सांगितला. ती कायद्याची पदवीधर आहे. जिल्हा न्यायालयात एका ज्येष्ठ वकिलाच्या हाताखाली दोन वर्षे काढल्यावर, त्या उत्पन्नात शैक्षणिक कर्जाचे हप्तेही भागत नाहीत असे दिसून आल्यामुळे, तिने टेक्सासमधील एका वकिलाचे काम घरी बसून करण्याचे पत्करले. तिच्या हुद्द्याचे नाव ‘रिमोट पॅरालीगल’. आपल्या भाषेत सांगायचे तर वकिलाचा कारकून. फरक इतकाच की तो वकिलापासून समुद्रापलीकडे बसलेला असतो. त्या घरात पहिला मंगळवार सर्वांच्या लक्षात असतो. त्या संध्याकाळी तिला जेवायला कोणी हाक मारीत नाही.

अशा कारकुनांना कामावर कसे घ्यावे, त्यांच्यामुळे किती खर्च वाचतो, याचा सल्ला अमेरिकेतील वकिलांना आज सर्रास दिला जातो. त्या सल्ल्यात वकिलाचा विचार असतो, कधीमधी ऋणकोचाही असतो. कारकुनाचा विचार मात्र केवळ खर्चाची एक बाब म्हणून होतो. या लेखाचा हेतू तीच गोष्ट कारकुनाच्या बाजूने पाहण्याचा आहे. हा विषय आपल्यापासून दूरचा नाही. आपल्या साथींच्या घरांतील शिकलेली मुलेमुली आज या कामात आहेत आणि त्यांना कामगार म्हणून ओळखण्यास आपण अजून तयार झालेलो नाही.

काम कोणते?

अमेरिकेच्या सध्याच्या दिवाळखोरी संहितेचा पाया १९७८ च्या कायद्याने घातला. सामान्य माणसाच्या दृष्टीने तिची दोन प्रकरणे महत्त्वाची. सातव्या प्रकरणाखाली, जप्तीपासून सूट नसलेली मालमत्ता काही असल्यास ती विश्वस्ताच्या हवाली करून बहुतेक कर्जांतून मुक्तता मिळते. सरळ प्रकरणात ही मुक्तता अर्जानंतर सुमारे चार महिन्यांत पदरात पडते. तेराव्या प्रकरणाखाली ऋणको तीन ते पाच वर्षांची परतफेडीची योजना मांडतो आणि घर वाचवू शकतो. २०२४ या वर्षात त्या देशात सर्व प्रकारचे मिळून सुमारे ५ लाख १७ हजार अर्ज दाखल झाले. त्यातील फार मोठा वाटा कंपन्यांचा नव्हता, माणसांचा होता.

प्रत्येक अर्जामागे कागदांचा ढीग असतो. अर्जापूर्वीच्या साठ दिवसांतील पगारपावत्या, प्राप्तिकराचे विवरणपत्र, बँकेचे उतारे, प्रत्येक धनकोचे नाव व पत्ता, मालमत्तेची यादी, सूट मागितलेल्या वस्तूंची यादी, दरमहाचे उत्पन्न व खर्च, गेल्या काही वर्षांतील आर्थिक व्यवहारांचे निवेदन, आणि अर्जापूर्वीच्या १८० दिवसांत कर्जसल्ला घेतल्याचे प्रमाणपत्र. हे सारे मागवणे, ताडून पाहणे, तक्त्यांत भरणे आणि वकिलापुढे सहीसाठी ठेवणे हे कारकुनाचे काम.

ज्यांना हे केवळ टंकलेखन वाटते त्यांनी दोनतीन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. ऋणकोची ऐपत ठरवताना अर्जाच्या महिन्यापूर्वीच्या सहा पूर्ण महिन्यांच्या उत्पन्नाची सरासरी धरली जाते. सरकारी सामाजिक सुरक्षा योजनेतून मिळणारे वृद्धापकाळाचे वेतन त्यात धरावयाचे नसते. ते चुकून धरले गेले, तर एखादी विधवा कागदोपत्री श्रीमंत ठरू शकते आणि सातव्या प्रकरणाचे दार तिला बंद होऊ शकते. एखाद्या धनकोचे नाव यादीतून सुटले, तर काही परिस्थितीत ते कर्ज मुक्तीनंतरही मानेवर राहते. आवश्यक कागद ४५ दिवसांत दाखल झाले नाहीत तर प्रकरण आपोआप निकाली निघते. निकाली निघालेल्या अशा प्रकरणानंतर वर्षाच्या आत दुसरा अर्ज केल्यास, न्यायालयाने मुदत वाढवली नाही तर, त्याला मिळणारी स्थगिती ऋणकोपुरती तीस दिवसांतच संपते. म्हणजे नाशिकच्या एका खोलीत रात्री अकरा वाजता झालेली चूक ह्यूस्टनमधील एका कुटुंबाला छपरावाचून उघड्यावर आणू शकते. ज्या कामाचे परिणाम इतके जड, त्याची गणना हलक्या कामात करणे हा अप्रामाणिकपणा आहे.

कागद कोणी वाढवले?

हे काम समुद्र ओलांडून आले ते का, याचे उत्तर बहुधा तंत्रज्ञानाच्या प्रगतीत शोधले जाते. संगणकाच्या तारांनी ते शक्य केले हे खरे. डॅलसच्या एका वकील संस्थेने १९९५ मध्येच हैदराबादेत असे काम सुरू केले होते. २०२० च्या साथीनंतर धनकोंच्या सभादेखील, जेथे ऋणकोला शपथेवर प्रश्न विचारले जातात, दूरध्वनीवरून आणि पुढे पडद्यावरून होऊ लागल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरात आपल्या दूरसंचार खात्याने परदेशी सेवा देणाऱ्या कंपन्यांवरील निर्बंध सैल करून घरून काम करण्यास मोकळीक दिली. पण शक्य होणे निराळे आणि गरजेचे होणे निराळे. गरज निर्माण केली ती बँकांनी.

कर्जपत्रे वाटणाऱ्या बँका आणि वित्तसंस्था यांनी अनेक वर्षे रेटा लावून २००५ मध्ये दिवाळखोरीचा नवा कायदा करून घेतला. अध्यक्ष बुश यांनी त्यावर एप्रिलमध्ये सही केली आणि १७ ऑक्टोबरपासून तो अमलात आला. डेमोक्रॅटिक पक्षाचे डेलावेअरचे सिनेटर जो बायडन यांनीही त्याच्या बाजूने मत दिले. धनकोंच्या प्रश्नावर त्या देशातील दोन पक्षांमधील भिंत किती पातळ आहे हे यावरून दिसते. ऐपतीची कसोटी, सक्तीचा कर्जसल्ला, पगारपावत्या, वकिलाने चौकशी करून सही केल्याची हमी, हे सारे याच कायद्याने आणले किंवा कडक केले. लोक कर्ज बुडवण्यासाठी न्यायालयाचा गैरवापर करतात, असा युक्तिवाद होता. परिणाम लगेच दिसला. २००५ मध्ये कायदा लागू होण्यापूर्वीच्या घाईमुळे २० लाखांहून अधिक अर्ज आले. पुढच्या वर्षी ते सुमारे ६ लाख १७ हजारांवर कोसळले. लोक एका वर्षात सधन झाले नव्हते. त्यांच्यासाठी दार अरुंद झाले होते. २००८ च्या आर्थिक अरिष्टानंतर, २०१० मध्ये, तोच आकडा पुन्हा १५ लाख ९० हजारांच्या घरात गेला.

दार अरुंद झाले तसा त्यातून जाण्याचा खर्चही वाढला. अमेरिकन संसदेच्या लेखापरीक्षण संस्थेने २००८ मध्ये दिलेल्या अहवालानुसार, सातव्या प्रकरणातील वकिलाची सरासरी फी २००५ च्या प्रारंभी ७१२ डॉलर होती. दोन वर्षांत ती १,०७८ डॉलरवर गेली. न्यायालयाचे शुल्क आज ३३८ डॉलर आहे. ज्याच्याजवळ काही उरले नाही म्हणून जो न्यायालयात जातो, त्याला जाण्यासाठी आधी पैसे साठवावे लागतात. शिवाय सातव्या प्रकरणात वकिलाची थकलेली फीही इतर कर्जांबरोबर माफ होत असल्यामुळे वकील ती आगाऊ मागतो.

येथे एक गोष्ट न्यायबुद्धीने मान्य केली पाहिजे. सामान्य माणसाची दिवाळखोरी चालवणारा अमेरिकन वकील बहुधा मोठ्या संस्थेचा भागीदार नसतो. तो एकटा किंवा दोघातिघांसह कचेरी चालवतो. त्याचा ऋणको गरीब, काम वाढलेले, आणि तेराव्या प्रकरणात तर अनेक न्यायालयांनी फीची मर्यादा आखून दिलेली. कागद वाढवले बँकांनी. त्यांचा भार पडला वकिलावर. वकिलाने तो आपल्याहून दुबळ्या खांद्याचा शोध घेत समुद्रापलीकडे ढकलला. म्हणून या साखळीत वकिलालाच एकमेव खलपुरुष ठरवणे सोपे असले तरी ते बरोबर नाही. मात्र ज्याच्यावर दडपण आहे तोही दुसऱ्यावर दडपण आणू शकतो, आणि साखळीच्या शेवटच्या कडीचा हिशेब मागताना मधल्या कडीची अडचण ही सबब होऊ शकत नाही.

फरक कोणाच्या खिशात?

अमेरिकेत पॅरालीगलचे मध्यम वार्षिक वेतन २०२३ मध्ये सरकारी आकडेवारीनुसार सुमारे ६१ हजार डॉलर होते. म्हणजे तासाला एकोणतीस डॉलर. आता केवळ समजण्यासाठी एक हिशेब मांडू. समजा, एका अर्जाला कारकुनाचे दहा तास लागतात. ह्यूस्टनमधील कारकुनाला त्याचे २९० डॉलर द्यावे लागतील. नाशिकच्या कारकुनाला तासाला सहा डॉलर दिले तर साठ. उरलेल्या २३० डॉलरचे काय झाले? ठरलेली फी दीड हजार डॉलर असेल तर ती दीड हजारच राहते. ऋणकोला त्यातून आपोआप काही मिळत नाही. ह्यूस्टनच्या कारकुनाची नोकरी जाते किंवा तिचा पगार गोठतो. नाशिकच्या मुलीला, जिल्हा न्यायालयातील उमेदवारीच्या मानाने बरे वाटावे इतके मिळते. बाकीचे वकील आणि, मध्यस्थ कंपनी असेल तर, ती कंपनी वाटून घेतात.

हा फरक कायद्याच्या भाषेतही मान्य झालेला आहे. १९८९ मध्ये मिसुरी विरुद्ध जेन्किन्स या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे प्रश्न होता की प्रतिपक्षाकडून वकिलाची फी वसूल करताना पॅरालीगलच्या कामाची किंमत वकिलाला पडलेल्या खर्चाने धरायची की बाजारभावाने. तो खटला शाळांतील वर्णभेदाचा होता, दिवाळखोरीचा नव्हता. पण उत्तर दूरगामी ठरले. न्यायालयाने बाजारभाव मान्य केला. दिवाळखोरी संहितेचे ३३० वे कलमही वकिलाच्या साहाय्यकाच्या कामाला निराळा मोबदला मंजूर करता येईल असे म्हणते. कारकुनाला दिलेली मजुरी आणि कारकुनाच्या श्रमाची बाजारात आलेली किंमत या दोन वेगळ्या राशी आहेत, हे ज्यांना ‘भांडवल’ वाचण्याचा कंटाळा येतो त्यांनी या निकालपत्रातून समजून घ्यावे. त्या दोन राशींमधील अंतरालाच आपण वरकड मूल्य म्हणतो. दूरच्या कारकुनाच्या बाबतीत श्रम तोच, कागद तोच, सहीही तीच. वाढते ते केवळ हे अंतर.

एकाच माणसाला दोन नावे

नेमका येथेच या व्यवहारातील सर्वांत उघडा विसंवाद दिसतो. दिवाळखोरी संहितेचे ११० वे कलम अर्ज भरून देणाऱ्या दलालांवर कडक बंधने घालते. जो वकील नाही आणि पैसे घेऊन अर्ज तयार करतो, त्याने प्रत्येक कागदावर आपले नाव व पत्ता द्यावा, सही करावी, कायद्याचा सल्ला देऊ नये, अन्यथा दंड भरावा. गरीब ऋणकोंना लुबाडणाऱ्यांना आवर घालण्यासाठी हे कलम आहे आणि ते योग्यच आहे. या बंधनांतून सूट आहे ती ऋणकोच्या वकिलाला आणि त्या वकिलाच्या थेट देखरेखीखाली काम करणाऱ्या ‘नोकराला’. कलमाच्या व्याख्येत हाच शब्द आहे.

आता त्या मुलीचा करार पाहा. तो मी स्वतः वाचला. शब्दांचा व्यवसाय करणाऱ्याला अशा कागदांचे वेड असते. त्यात पहिल्याच परिच्छेदात ती ‘स्वतंत्र कंत्राटदार’ आहे असे लिहिले आहे. म्हणून तिला रजा नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही, नोटिशीची मुदत नाही, आजारपणाचा पगार नाही. संगणक तिचा, वीज तिची, इंटरनेट तिचे. परंतु तिने ठरलेल्या तासांना हजर असले पाहिजे, पडद्याची छायाचित्रे दर काही मिनिटांनी आपोआप घेतली जातात, दुसऱ्या वकिलाचे काम घ्यायला बंदी आहे, आणि न्यायालयाने परत पाठवलेला अर्ज तिने विनामोबदला दुरुस्त करून दिला पाहिजे. हा कसला स्वतंत्र कंत्राटदार?

न्यायालयापुढे ती वकिलाच्या थेट देखरेखीखालील नोकर असली पाहिजे, कारण तसे नसेल तर ११० वे कलम तिच्या मानेवर येते. पगाराच्या वहीत मात्र ती नोकर असता कामा नये. मालकाला एकाच माणसाची दोन नावे सोयीची वाटतात. जबाबदारीसाठी एक, मजुरीसाठी दुसरे. आपली मागणी मुळात साधी आहे: जे नाव न्यायालयात, तेच पगाराच्या वहीत.

भारतीय कायद्यातही ती अशीच अधांतरी आहे. बार कौन्सिल विरुद्ध ए. के. बालाजी या प्रकरणात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १३ मार्च २०१८ रोजी सांगितले की अशा सेवा देणाऱ्या संस्था सरसकट वकिलांच्या कायद्याखाली येत नाहीत. काम मूलतः वकिली आहे की नाही हे पाहून ठरवावे लागेल. म्हणजे बहुतेकदा ती वकील नाही. मग ती कामगार आहे काय? महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात रात्री साडेनऊनंतर स्त्रियांना कामावर ठेवायचे तर त्यांची संमती, सुरक्षितता आणि घरी पोहोचवण्याची सोय यांच्या अटी आहेत. घरातल्या खोलीत रात्रपाळी करणाऱ्या एकट्या मुलीच्या बाबतीत त्या अटी कोणी कोणावर लागू करायच्या? तिचे घर हे आस्थापना नाही आणि तिची आस्थापना या देशात नाही.

दोन चुकीची उत्तरे

या प्रश्नावर दोन उत्तरे ऐकू येतात, आणि दोन्ही चुकीची आहेत. पहिले उत्तर अमेरिकेतून येते: भारतीय आमच्या नोकऱ्या पळवतात. जणू नाशिकच्या मुलीने ह्यूस्टनच्या कारकुनाला कामावरून काढले. काम हलवण्याचा निर्णय ज्याच्या हाती होता त्याला सोडून, जिच्याकडे ते हलवले गेले तिच्यावर राग काढणे, ही भांडवलशाहीची जुनी सोय आहे. दुसरे उत्तर आपल्याकडचे: परकीय चलन येते आहे, तक्रार कसली? हेच उत्तर थोड्या निराळ्या रूपात आपल्याही काही साथींच्या तोंडी असते. खोलीत बसून डॉलर मिळवणारी पांढरपेशी मुले, त्यांचा आणि कामगार चळवळीचा संबंध काय?

संबंध असा. ती मुलगी रात्रीच्या रात्री दुसऱ्यांच्या कर्जमुक्तीचे अर्ज भरते ते स्वतःचे शैक्षणिक कर्ज फेडण्यासाठी. अमेरिकेतही विद्यार्थ्यांची कर्जे दिवाळखोरीत सहजी माफ होत नाहीत. असह्य हलाखी सिद्ध करावी लागते. परंतु इतर कर्जांच्या बाबतीत तेथील माणसाला एक दार आहे. आपल्याकडे ते जवळजवळ नाहीच. २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेत गरीब ऋणकोसाठी ‘नव्या प्रारंभाची’ एक तरतूद लिहिलेली आहे. वार्षिक उत्पन्न ६० हजार, मालमत्ता २० हजार आणि कर्ज ३५ हजार रुपयांपर्यंत असेल आणि स्वतःचे घर नसेल, अशांसाठी. मर्यादा इतक्या तुटपुंज्या, तरीही ती तरतूद अमलात आणलेली नाही. व्यक्तींविषयीचा तो भाग १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला तो कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता. सामान्य ऋणकोसाठी अजूनही १९०९ आणि १९२० चे इंग्रजी अमदानीतील कायदे आहेत. कंपनी बुडाली की तिच्यासाठी खास न्यायाधिकरण, कालमर्यादा, व्यावसायिक तज्ज्ञ. शेतकरी किंवा कारकून बुडाला की बँकेचा वसुली अधिकारी दारात.

महाराष्ट्राला कर्जाच्या कागदाचे महत्त्व कोणी शिकवायला नको. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी उठले तेव्हा त्यांचा रोख सावकारांच्या कर्जरोख्यांवर होता. ते हिसकावून त्यांनी जाळले. चार वर्षांनी सरकारला शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा करावा लागला. त्या शेतकऱ्यांना नेमके कळले होते की कर्जाची सत्ता कागदात असते. आज त्यांच्याच मुलखातील एक मुलगी परक्या देशातील ऋणकोचा कागद बिनचूक भरून त्याचे घर वाचवते. तिच्या स्वतःच्या कर्जासाठी भरण्यालायक असा कोणताही कागद नाही. जगाच्या दोन टोकांना बसलेले हे दोघे एकमेकांचे प्रतिस्पर्धी नाहीत. दोघेही धनकोच्या हिशेबात आहेत.

विडी वळणाऱ्या हातांचा धडा

घरी बसून, एकेकटे, मध्यस्थामार्फत काम करणारे लोक संघटित होऊ शकत नाहीत, असे म्हणणाऱ्यांनी सोलापूरच्या विडी कामगार स्त्रियांकडे पाहावे. तेंदूपान आणि तंबाखू घरी न्यायचा, विड्या वळायच्या, त्या कारखान्यात नेऊन द्यायच्या, आणि खराब म्हणून बाजूला काढलेल्यांची मजुरी बुडवून घ्यायची. मालक म्हणत, या आमच्या कामगार नाहीत. कंत्राटदाराचे आणि त्यांचे ते पाहून घेतील. अनेक वर्षांच्या झगड्यानंतर १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी विड्या वळणाऱ्या स्त्रीला ‘कामगार’ या व्याख्येत घेतले. नाकारलेल्या विड्यांच्या वादावर निवाडा मागण्याची सोय झाली. मालकांनी कायद्याला आव्हान दिले. १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. पुढे सोलापुरात कॉ. गोदूताई परुळेकर यांच्या नावाने विडी कामगार स्त्रियांची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली.

तुलना ओढूनताणून केलेली नाही. विडीच्या जागी अर्ज ठेवा, तंबाखूच्या जागी बँकेचे उतारे, कंत्राटदाराच्या जागी मध्यस्थ कंपनी; नाकारलेल्या विडीच्या जागी परत आलेला अर्ज. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने १९९६ मध्ये गृहकामाविषयीचा १७७ क्रमांकाचा करार संमत केला. त्यात घरी तयार केलेल्या वस्तूबरोबरच घरी दिलेली सेवाही येते, आणि अशा कामगाराला इतर कामगारांच्या बरोबरीची वागणूक व संघटनेचा हक्क मान्य केलेला आहे. भारताने तो करार स्वीकारलेला नाही. उलट २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितांनी १९६६ चा विडी कामगार कायदाच रद्द करून आपल्यात विरघळवून टाकला. सामाजिक सुरक्षेच्या संहितेत घरी काम करणाऱ्यांची, त्यांनी दिलेल्या सेवेसह, व्याख्या आहे; पण ती असंघटितांसाठीच्या कल्याण योजनांपुरती. व्याख्येत शिरकाव झाला, हक्कात झाला नाही.

काय मागायचे?

हे काम बंद करा, अशी मागणी आम्ही करीत नाही. ती त्या मुलीच्या पोटावर येईल आणि टेक्सासच्या ऋणकोलाही तिचा लाभ नाही. मागणी आहे ती रीतसर नेमणुकीची. दूरचा कारकून नेमायचा असेल त्याने त्याला लेखी नेमणूकपत्र द्यावे. देखरेख करणाऱ्या वकिलाचे नाव त्यात असावे. मजुरी तासावर ठरावी. वाट पाहण्याचे, शिकण्याचे आणि दुरुस्तीचे तास त्यात धरावेत. रात्रीच्या कामाला जादा दर असावा. ऋणकोंच्या ओळखक्रमांकांसह सारी खासगी माहिती कारकुनाच्या नजरेखालून जाते. तेव्हा यंत्र आणि सुरक्षित व्यवस्था मालकाने पुरवावी आणि माहिती फुटल्याचा बोजा घरच्या संगणकावर काम करणाऱ्यावर टाकू नये. प्रत्येक कागद वकिलाने वाचूनच सही करावी. २००५ च्या कायद्यानेच त्याच्या सहीला चौकशीची हमी मानले आहे. ती हमी परदेशी धाडता येत नाही. ऋणकोला त्याचे कागद कोण हाताळते हे सांगावे, आणि खर्च वाचला असेल तर त्यातील वाटा त्याच्या फीतही दिसावा.

भारत सरकारकडून मागायचे ते निराळे आहे. १७७ क्रमांकाचा करार स्वीकारावा. घरून परदेशी काम करणाऱ्याला, पैसे कोठूनही येवोत, कामगाराचा दर्जा द्यावा. भारतात नोंदलेल्या मध्यस्थ कंपनीला मालक मानावे. आणि व्यक्तींच्या दिवाळखोरीचा लटकत ठेवलेला भाग, त्याच्या हास्यास्पद मर्यादा वाढवून, अमलात आणावा.

उरले आपले काम, आणि ते सर्वांत अवघड आहे. ही मुले कारखान्याच्या दरवाजावर भेटत नाहीत. त्यांची पाळी सुरू होते तेव्हा आपल्या सभा संपतात. ती इंदूर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव, दिल्ली अशी विखुरलेली आहेत. अनेकदा आपल्याच घरात, बंद दाराआड. त्यांच्याकडे जाताना पत्रक घेऊन जाण्यापूर्वी त्यांचा करार वाचायला मागा. तो वाचून दाखवा, त्याचा मराठीत अर्थ सांगा. मी त्या मुलीला तिच्या कराराचा अनुवाद करून दिला तेव्हा ‘स्वतंत्र’ या शब्दापाशी ती थांबली आणि आपल्या स्वातंत्र्यात नेमके काय काय येते याची यादी करू लागली. यादी फार लांबली नाही. पण त्यानंतर तिने त्याच वकिलाकडे काम करणाऱ्या आणखी तिघांचे पत्ते शोधून काढले. त्यांतील एक जण इंदूरचा आहे. परत आलेल्या अर्जांच्या दुरुस्तीचे पैसे मिळावेत, असे पत्र चौघांच्या सहीने जावे असे त्यांचे चालले आहे. पत्राचा मसुदा इंग्रजीत आहे. तो तपासून देण्याचे काम माझ्याकडे आले आहे, आणि पुढच्या पहिल्या मंगळवारच्या आत ते पुरे करायचे आहे.